माइकवर बोललेलं एक वाक्य

फेब्रुवारी संपत आला की कुवेतची हवा थोडे दिवस माणसांत येते. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी खांद्यावर जातो आणि संध्याकाळी पुन्हा अंगात येतो. हिवाळाभर वाळवंटात तंबू ठोकून राहिलेली कुवेती कुटुंबं आवराआवरीला लागतात. आणि मी शाळेच्या स्टोअरमधल्या मागच्या कपाटातून बेसबॉलच्या बॅगा बाहेर ओढतो. वर्षभर मिटून पडलेल्या त्या बॅगांची चेन उघडली की चामडं, तेल आणि पोरांचा जुना घाम यांचा एकत्र भपकारा येतो. दुसरा कुणी असता तर नाकाला रुमाल लावून लांब झाला असता. मला मात्र तीन वर्षांपूर्वीचा मोसम आठवतो.

मी मूळचा गुहागरकडचा. आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी टेनिसचा चेंडू हातात मिळतो, त्यामुळे क्रिकेट सोडून दुसरा एखादा खेळ मोठी माणसं मन लावून खेळत असतील हे मला पस्तिशीपर्यंत खरं वाटत नव्हतं. मग नोकरीच्या निमित्ताने कुवेतला आलो आणि अमेरिकन पद्धतीच्या एका शाळेत स्टोअरचा इनचार्ज झालो. तिथे पोरं गोल लाकडी दांडक्याने चेंडू मारत होती आणि चेंडू लागला नाही तरी आनंदाने पुन्हा उभी राहत होती. पहिली दोन-तीन वर्षं मी त्या खेळाकडे सासुरवाडीच्या स्वयंपाकाकडे बघावं तसं बघितलं. वाईट काही नाही, पण आपल्याकडे असं करत नाहीत.

माझा मुलगा ओंकार त्याच शाळेत शिकला, स्टाफच्या मुलांना सवलत असते म्हणून. तो बेसबॉलच्या टीममध्ये गेला तेव्हा मला खेळ शिकावा लागला. त्याने एका दुपारी जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, लिंबू आणि दोन वाट्या मांडून मला नियम समजावले. माझ्या प्रत्येक शंकेवर तो म्हणायचा, "बाबा, फर्गेट क्रिकेट." ते काही मला शेवटपर्यंत जमलं नाही.

माझं शाळेतलं बोलणं तेव्हा तीन-चार वाक्यांत संपायचं. येस मॅडम. नो सर. आय विल चेक. टुमॉरो, इन्शाल्ला. परक्या देशात नोकरी करणाऱ्या माणसाचा आवाज हळूहळू आखडत जातो, आणि त्याचं त्यालाही ते कळत नाही. घरी बायकोशी बोलताना सुद्धा मी कधीकधी "चेक करतो" असं म्हणायचो. सुनीता म्हणायची, "अहो, भाजीत मीठ कमी आहे का एवढंच विचारलंय. त्यात चेक काय करायचंय?"

पण शुक्रवारी सकाळी चित्र वेगळं असायचं. खैतानला आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळं मैदान होतं, गवताचं पातं नसलेलं, दगडगोटे वेचून काढलेलं. तिथे आमच्या कोकणातल्या माणसांच्या मॅचेस व्हायच्या. एसीचे मेकॅनिक, सुतार, गाड्यांचे पेंटर, एका खोलीत सहा-सहा जण राहणारे, आठवडाभर दुसऱ्याच्या हाताखाली वाकलेले. शुक्रवारी ते पांढरे बूट घालून बॅट्समन व्हायचे आणि मी माइकवर बसायचो. गावाकडच्या टूर्नामेंटला असते तशी कॉमेंट्री, निम्मी मराठी, निम्मी हिंदी आणि बाकी सगळी थट्टा. कुणाच्या टकलावर, कुणाच्या पोटावर, कुणाच्या सासऱ्यावर. ज्याच्यावर मी बोललो नाही तो रुसून बसायचा. "विलासदादा, मी काय घोडं मारलं? माझ्यावर पण बोल ना," असं येऊन सांगणारे होते.

त्या मैदानावर माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मुनाफ परकार. दाभोळकडचा. शर्कच्या मासळी बाजारात एका मोठ्या गाळ्यावर तो मासे विकतो. मनगट माझ्या पोटरीएवढं. त्याच्या हातून कॅच सुटला की मी तुटून पडायचो. "बघा मंडळी, मुनाफभाईंनी कॅच सोडलेला आहे! चेंडूला खवले असते तर सुटला असता का?" सगळं मैदान हसायचं. मुनाफ तिथूनच दोन्ही हात वर करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ओव्हर संपली की तो टेबलापाशी यायचा, माइक माझ्या हातातून काढून घ्यायचा आणि माझ्या गुहागरी बॅटिंगचं असं काही वर्णन करायचा की मला खुर्चीखाली जावंसं वाटायचं. मग आम्ही एकाच ग्लासातला चहा दोघांत प्यायचो.

तीन वर्षांपूर्वी शाळेत बेसबॉलच्या मॅचला माइकवर बसणारे सायन्सचे मास्तर नोकरी सोडून गेले. शाळेच्या खेळांचं सगळं बघणाऱ्या मिस हार्पर नवा माणूस शोधत होत्या. उंच, उन्हाने तांबूस झालेल्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या बाई. आगीच्या कवायतीच्या दिवशी मी भोंगा घेऊन सगळ्या शाळेला ओळीने बाहेर काढलं ते त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्टोअरमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर विलास, तुमचा आवाज इथे खोक्यांमध्ये वाया चाललाय."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी एवढं चांगलं वाक्य कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन मी ते सुनीताला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मिस हार्परनी मला एक कागद दिला आणि समोर बसवून एकेक ओळ समजावली. बॅटिंगला येणाऱ्या पोराचा नंबर आणि नाव सांगायचं. दोन्ही टीमची नावं एकाच आवाजात घ्यायची, आपल्याला साखर आणि त्यांना मीठ असं नाही. चेंडू खेळात असताना तोंड बंद. अंपायरच्या निर्णयावर चकार शब्द नाही. आणि कुणाच्या हातून चूक झाली तर त्या पोराचं नाव माइकवर येता कामा नये. स्कोअर बदलला तर स्कोअर सांगायचा. "तो माइक शाळेचा आहे," त्या म्हणाल्या. "मॅचला आलेला प्रत्येक पोरगा तुमचा पाहुणा आहे, असं समजून बोला."

मला मनातून वाटलं, ही कसली कॉमेंट्री? यापेक्षा विमानतळावरची बाई जास्त बोलते. पण मी मान डोलावली आणि कामाला लागलो. काम मी मनापासून केलं, हेही सांगितलं पाहिजे. प्रत्येक मॅचच्या आधी मी वही घेऊन दोन्ही टीमकडे जायचो आणि प्रत्येकाला त्याचं नाव कसं म्हणायचं ते विचारायचो. कोरियन, लेबनीज, कुवेती, फिलिपिनो, अमेरिकन. मी ते देवनागरीत लिहून घ्यायचो, कारण आपल्या लिपीत बाराखडीबाहेरचं फारसं काही उरत नाही. एका कोरियन पोराची आई मुद्दाम मैदानाच्या कडेच्या माझ्या माइकच्या खोलीत वर येऊन सांगून गेली होती की इतक्या वर्षांत त्याचं नाव पहिल्यांदाच बरोबर ऐकलं. पाच मॅचेस झाल्या आणि लोक मला कॉरिडॉरमध्ये ओळखायला लागले. प्राथमिकची पोरं माझा आवाज काढायची. एवढी वर्षं ज्यांना खुर्च्या आणि बोर्ड मी पुरवले त्या शिक्षकांना माझं नाव माहीत झालं. हे सगळं मला किती आवडत होतं ते लिहायला आज लाज वाटते, पण आवडत होतं.

त्या वर्षी रमजान मार्चच्या शेवटी येणार होता. त्याच्या आधी मोसम उरकायचा म्हणून मॅचेस दाटीवाटीने लावल्या होत्या. दुपारी साडेतीनला सुरू आणि मावळतीला शेवट. हवेत पिठासारखी बारीक धूळ असायची. ती डोळ्यांत गेलेली कळत नसे, पण रात्री उशीवर दिसायची. एकदा मॅच ऐन रंगात असताना वीज चमकली आणि पाच मिनिटांत असं वादळ आलं की स्कोअरचे आकडे उडून थेट रस्त्यावर गेले. मी माइकवरून सगळ्यांना जिममध्ये बोलावत होतो आणि माझ्याच दातांखाली वाळू करकरत होती. तो दिवस आठवला की मी आजही हसतो. त्याच्या पुढच्या शनिवारची मॅच आठवली की हसू येत नाही.

त्या शनिवारी दुसऱ्या एका शाळेची टीम आमच्याकडे आली होती. यादीत बारा नंबरला नाव होतं अयान परकार. मुनाफचा मुलगा. त्याची आई जमीला त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, म्हणून तोही सवलतीवर शिकत होता, माझ्या ओंकारसारखाच. दोघं लहान असताना आमच्या शुक्रवारच्या मॅचला चटईवर खेळायचे. अयानला मी नाव विचारायला गेलो तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, तुम्हाला पण सांगायचं?" जमीला पाहुण्यांच्या बाकांवर एकटीच बसली होती. तिने लांबून हात हलवला. मुनाफला शनिवारी सुट्टी नसते.

मॅच अटीतटीची झाली. शेवटच्या डावात आम्ही एका रनने मागे होतो, आमचे दोघं आउट झाले होते आणि तिसरा झाला की खेळ खलास, दोन पोरं मधल्या बेसवर अडकून उभी होती, आणि बॅटिंगला आला ओंकार. मी त्याचं नाव घेतलं. साखर पडू नये म्हणून इतकी काळजी घेतली की आवाज कोरडा झाला. दुसऱ्याच चेंडूवर त्याने दांडका फिरवला आणि चेंडू डावीकडे उंच गेला. उंच, पण पुरेसा लांब नाही. अयान त्याच्या खाली येऊन उभा राहिला. हवेतला चेंडू धरला की आउट, हे इथेही क्रिकेटसारखंच आहे. मी डोळे मिटले नाहीत एवढंच.

चेंडू अयानच्या चामडी हातमोज्याच्या कडेला लागला आणि खाली पडला. आमची दोन्ही पोरं धावत शेवटच्या बेसवर, म्हणजे होमवर आली, दोन रन झाले. आम्ही जिंकलो.

आणि मी माइक तोंडाशी धरून, शुक्रवारच्या आवाजात, खणखणीत मराठीत बोललो, "अरे अयान, एवढं मोठं सूप घातलंयस हातात, आणि एक मोसंबी धरवेना? तुझा बाप तर आख्खा हमूर एका हाताने उचलतो रे!"

हमूर म्हणजे इकडचा मोठा, मानाचा मासा. वाक्य चांगलं जमलं होतं. आमच्या बाजूच्या बाकांवर हशा पिकला. अर्थ कुणाला कळला नव्हता, पण थट्टेला सूर असतो आणि तो सगळ्यांना कळतो. मैदानावर मराठी समजणारी माणसं माझ्याशिवाय तीनच होती. जमीला उभी राहिली होती, ती तशीच खाली बसली. अयानने मान वर करून माझ्या खोलीकडे बघितलं. ओंकारला त्याच्या टीमने खांद्यावर घेतलं होतं. त्याने खाली उतरवायला सांगितलं.

मग दोन्ही टीम समोरासमोर ओळीने चालत गेल्या आणि प्रत्येकाने प्रत्येकाच्या हातावर टाळी दिली, गुड गेम, गुड गेम. ओंकार अयानपाशी थांबला. दोघं काहीतरी बोलले. पाहुण्यांची बस निघाली तेव्हा जमीला माझ्या खिडकीखालून गेली आणि तिने वर बघितलं नाही.

मिस हार्परनी जाताना अंगठा वर करून दाखवला.

गाडीत ओंकार खिडकीबाहेर बघत बसला होता. मी म्हटलं, "काय मारलास रे तो चेंडू!"  दोन सिग्नल गेले. मग तो म्हणाला, "बाबा, तू मिस हार्परना सांगणार आहेस ना?"

"काय सांगू?"

"व्हॉट यू सेड."

"तिला मराठी कुठे कळतं?"

"दॅट्स व्हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

मी सुनीताला सांगितलं ते हसत हसत, एक किस्सा म्हणून. ती हसली नाही. "मुनाफभावजींना दर शुक्रवारी बोलता तसंच बोललात ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच. "मग पोर एवढं गप्प का?" असं म्हणून ती ओंकारच्या खोलीकडे गेली. मी सोफ्यावर बसून स्वतःशी भांडत राहिलो. आपल्या माणसाची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची? परक्याला आपण बोलतो का कधी? त्या सबंध मैदानावर अयान एकटाच असा होता की ज्याच्याशी मी माझ्या भाषेत बोलू शकत होतो. मला ते प्रेमच वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मला माइक जाण्याची भीती वाटत होती. सांगितलं नाही तर तो माझ्याकडे राहणार होता, कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त घरात एक सोळा वर्षांचा मुलगा होता, त्याला कळलेलं होतं, आणि जेवताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

इथे आठवडा रविवारी सुरू होतो, त्या सकाळीच मी मिस हार्परच्या खोलीत गेलो. एका दमात सांगून टाकलं की मी मॅच संपताना पाहुण्यांच्या मुलावर बोललो, नाव घेऊन, माझ्या भाषेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय बोललात ते मला इंग्रजीत सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगायला लागलो. तुझ्या हातात एवढं मोठं सूप आहे, पण तुला एक मोसंबी धरता येत नाही. तुझा बाप एका हाताने सगळा मासा उचलतो. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ते वाक्य टेबलावर येऊन पडलं. त्यातली शुक्रवारची सकाळ गेली, चहा गेला, मुनाफच्या शिव्या गेल्या. मी घाईघाईने म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे हे प्रेमाने म्हणतात. त्याचे वडील माझे मित्र आहेत. ते मासे विकतात."

 त्यांनी विचारलं, "पण त्याच्या वडिलांना का आणलंत?"

मी टेबलावरच्या त्यांच्या पेनकडे बघत राहिलो. शुक्रवारी मैदानावर सगळे एका पाण्यातले असतात. मासे विकणारा, पाइप जोडणारा, स्टोअर सांभाळणारा. तिथे मुनाफचा मासा हा त्याचा मान असतो. या मैदानावर बाकांवर डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले बसलेले होते. अयान त्यांच्या मुलांसोबत तसाच शर्ट घालून, तशीच टोपी घालून उभा होता, आणि मी त्याला सगळ्यांदेखत त्याच्या बापाच्या गाळ्यावर नेऊन उभा केला. बाकीच्यांना कळलं नाही हे माझं नशीब. त्याला कळलंच ना. आणि दुसरं एक होतं, ते मी मिस हार्परना सांगितलं नाही, इथे सांगतो. चेंडू खाली पडला तेव्हा माझ्या मनात थट्टा नव्हती. मला आनंद झाला होता. दुसऱ्याच्या पोराच्या हातून चेंडू पडला म्हणून माझं पोर वाचलं, याचा उघडा आनंद. थट्टेचे कपडे त्याला मी नंतर चढवले.

मिस हार्परनी उरलेल्या मोसमासाठी मला माइकवरून काढलं. आवाज न चढवता. स्कोअरचे आकडे लावायचं काम दिलं. "त्या मुलाच्या घरी मी फोन करणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं काम आहे." दारापर्यंत आल्यावर त्यांनी असंही म्हटलं, की तुम्ही आला नसता तर मला कधीच कळलं नसतं. मला ते शाबासकीसारखं लागलं नाही. ओंकारला संध्याकाळी सांगितलं की माइक गेला. त्याने "ओके" म्हटलं, आणि जेवताना माझ्या ताटात आपणहून पोळी वाढली.

अयानच्या घरी जायला मात्र मी चांगले पाच दिवस लावले. रोज काहीतरी काम निघायचं. शुक्रवारी सकाळी खैतानच्या मैदानावर मी माइकवर बसलो होतो आणि मुनाफ आला नव्हता. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा होता, त्याच्या हातून कॅच सुटला, सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन रन." एक पेंटर ओरडला, "विलासदादा, बरं नाही काय?"

त्याच संध्याकाळी मी ओंकारला घेऊन अबू हलीफाला गेलो. समुद्राकडच्या रस्त्यावर माणसं चटया टाकून बसली होती, पोरं सायकली फिरवत होती. मुनाफचं घर चौथ्या मजल्यावर. दार जमीलाने उघडलं. ती म्हणाली, "भाव, आत या तुमी. बाहेरून बोलू नका." मुनाफ नमाज पढून नुकताच उठला होता. त्याने मला बसायला सांगितलं, पण नेहमीसारखी पाठीत थाप मारली नाही.

मी म्हटलं, "मुनाफ, माझं चुकलं."

तो हाताची नखं बघत होता. "माज्यावर कितीपन बोल, विलास," तो म्हणाला. "मी तुला फिरून बोलतो. दर शुक्रवारी बोलतो. पोराच्या हातात माईक होता काय रं?"

एवढी वर्षं मी थट्टा करतोय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शुक्रवारी ओव्हर संपली की मुनाफ टेबलापाशी यायचा आणि माइक हिसकावून घ्यायचा, म्हणून ती थट्टा होती. अयान माझ्यापासून शंभर पावलांवर, हात खाली सोडून उभा होता. त्याला उलट काही बोलताच येणार नव्हतं. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर बोलणं, याला आमच्या गावातही थट्टा म्हणत नाहीत. आजही मी माइकवर बसतो, दुसऱ्या वर्षी मिस हार्परनी पुन्हा बोलावलं म्हणून. एखाद्या पोराच्या हातून चेंडू पडला की मला मुनाफचा तो प्रश्न ऐकू येतो आणि मी फक्त स्कोअर सांगतो.

अयान आतल्या खोलीत होता. जमीलाने हाक मारली तेव्हा तो कानातून हेडफोन काढत बाहेर आला आणि ओंकारच्या शेजारी सोफ्याच्या हातावर टेकला. मी उभा राहिलो. पोराची माफी मागायला उभं राहायचं असतं की बसून चालतं, मला माहीत नव्हतं. "अयान, मी बोललो ते वाईट होतं," मी म्हटलं. "तुझ्या बाबांना मध्ये आणलं ते तर फारच वाईट. मला माफ कर."

"इट्स ओके, काका," तो म्हणाला. त्या वयाची मुलं म्हणतात तसं, जमिनीकडे बघत.

 जमीला चहाला उठली. मग ओंकारनेच त्याला विचारलं, "तुझ्या टीमने विचारलं नाही का? लाइक, व्हॉट ही सेड?"

"विचारलं ना. बसमध्ये सगळे विचारत होते. एव्हरीवन वॉज लाफिंग, सो." अयान थांबला. त्याने एकदा बापाकडे बघितलं. "मी सांगितलं, ते माझे काका आहेत. ते बोलले, अयानच्या डोळ्यात ऊन होतं. नोबडी कुड हॅव कॉट दॅट."

स्वयंपाकघराच्या दारात जमीला थांबली. हे तिलाही नवीन असावं. मुनाफने तोंडावरून हात फिरवला आणि तो हात तसाच ठेवला.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज, ज्याचं एवढं कौतुक झालं होतं, तो मला सापडत नव्हता.

अयानने खांदे उडवले. "मग काय सांगणार? तुम्ही आपले आहात ना."

त्या शनिवारी शेवटच्या डावात मी खोलीत बसलो होतो तेव्हा मावळतीचं ऊन मागच्या खिडकीतून माझ्या पाठीवर येत होतं. शर्ट पाठीला चिकटला होता. ते ऊन माझ्यावरून पुढे जाऊन मैदानाच्या डाव्या टोकाला पडत होतं, आणि तिथे एक मुलगा मान वर करून, दुसरा हात कपाळावर धरून, चेंडू शोधत होता. हे मी बोलण्याच्या आधी बघितलं होतं. ते मी मिस हार्परना सांगितलं नव्हतं, सुनीताला नाही, ओंकारला नाही. स्वतःशी भांडताना सुद्धा मी ते मध्ये येऊ दिलं नव्हतं.

ओंकार माझ्याकडे बघत होता.

"ऊन होतंच, बाळा," मी अयानला म्हटलं. "मला वरून दिसत होतं."